परक्याचे बोट

गेल्या दिवाळीत याच पानावर मी आमच्या बाल्कनीतून सुतारकामाची हकालपट्टी कशी झाली ते लिहिले होते. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी एवढेच, की निवृत्तीनंतर मी रंधा हाती घेतला, भुसा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर उतरला आणि मी रस्त्यावर आलो. रस्त्यावरून गेलो तो थेट एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात. तिथे पूर्वी फियाट असे. आता माझी विजेवर चालणारी गोल करवत आहे. मालकीणबाईंना सगळे माई म्हणतात, वय ब्याऐंशी. अकरा महिन्यांचा करार केला आणि मी सुखी झालो.

करार संपत आला तेव्हा माई म्हणाल्या, "भाडं तेच ठेवा हवं तर. पण उद्या तुमच्या त्या करवतीनं कुणाचं बोट गेलं, नाहीतर भुशानं पेट घेतला, तर या वयात मी कुणाकुणाला तोंड देऊ? काही विमा-बिमा असतो ना, तो उतरवा."

मला वाटले, अर्ध्या तासाचे काम! वाचकहो, त्याला दोन महिने लागले.

ओळखीचे एक विमा-एजंट आले. त्यांनी गॅरेज पाहिले, हत्यारे मोजली आणि आगीचा विमा पुढे केला. मी खूश होऊन घरी सांगितले, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तुमच्या करवतीचा विमा. माईंनी दुसऱ्याच्या बोटाचा विचारला होता."

बरोबर होते. आपली वस्तू जळाली तर आपल्याला पैसे मिळणे निराळे, आणि आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची सोय असणे निराळे. दुसऱ्याला म्हणतात दायित्वाचा विमा. माईंच्या बंगल्याचा आगीचा विमा आहेच. मग मला कशाला, असेही मी विचारून पाहिले. त्यावर कळले, की चूक माझी असेल तर विमा कंपनी माईंना पैसे देईल आणि मग माईंच्या जागी उभी राहून तेच पैसे माझ्याकडे मागेल. म्हणजे माईंचा विमा माईंना वाचवतो; भाडेकरूला नाही.

दुसऱ्या एका कचेरीत 'पब्लिक लायबिलिटी' हे शब्द उच्चारताच समोरचे गृहस्थ दचकले. "रसायनं ठेवता का?" त्यांच्या डोळ्यांसमोर १९९१ चा कायदा होता. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने माणसे मेली, त्यानंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर जो विमा सक्तीचा झाला, तो हा. माझ्याकडे घातक म्हणण्यासारखी पॉलिशची एक बाटली! पण त्या बाटलीकडे आपल्याला परत यायचे आहे.

मग कुणीतरी सुचवले, की घराच्या पॅकेज पॉलिसीत हा भाग जोडून मिळतो. मिळतो खरा. पण तो राहत्या घराच्या पत्त्याला बांधलेला, आणि धंद्यातून उद्भवलेली जबाबदारी त्यातून वगळलेली. "धंदा नाही हो, छंद आहे," मी म्हणालो. "काही विकलंय का?" आता गणपतीत शेजाऱ्यांना चौरंग करून दिला होता आणि लाकडाचे पैसे घेतले होते. मी खरे सांगितले. गृहस्थांनी पेन खाली ठेवले.

शेवटी एका कंपनीत कारखान्याखेरीज इतर जागांसाठीची पॉलिसी मिळेल असे ठरले. एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, अशा दोन मर्यादा तिच्यात असतात. मी मसुदा घरी आणून भिंग लावून वाचला आणि चौथ्या पानावर थबकलो. विमाधारकाच्या ताब्यात वा भाड्याने असलेल्या मालमत्तेचे नुकसान यात धरलेले नाही! म्हणजे रस्त्यावरच्या माणसाचे बोट सुरक्षित; माईंचे गॅरेज मात्र उघडे. अशा कलमासाठी भाडेकरूच्या दायित्वाची पुरवणी वेगळी मागून घ्यावी लागते. न मागता कुणी देत नाही. करारातही 'वाहन ठेवण्यासाठी' काढून 'हौशी सुतारकामासाठी' घालून घेतले. नाहीतर कंपनीला एक आणि माईंना दुसरेच सांगितल्यासारखे झाले असते.

आणि मग आला तो प्रस्तावाचा अर्ज. 'यापूर्वी या जागेत आग अथवा अपघात घडला आहे काय?'

सौ. सहज म्हणाल्या, "नाही लिहा."

मी पेन टोपणात घातले. मे महिन्यातली एक दुपार मी कुणालाही सांगितलेली नव्हती. पाटाला जवसाचे तेल लावून तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला आणि जेवायला गेलो. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. चिंधी पसरलेली असली तर उष्णता निघून जाते, बोळा असला तर आत कोंडते. काडी लागत नाही. परतलो तेव्हा बोळ्यातून धूर येत होता आणि हातभर अंतरावर भुशाचे पोते होते. मी पिण्याच्या पाण्याचा माठ त्यावर ओतला, फरशी पुसली आणि गप्प बसलो.

विम्यात ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवली तर ऐनवेळी दावा फेटाळता येतो, हे तोवर मला पाठ झाले होते. पण खरे सांगायचे तर त्या रात्री मला दाव्याची भीती वाटत नव्हती. मी 'होय' लिहिले, खाली चार ओळींत हकीकत लिहिली, आणि कंपनीत देण्यापूर्वी अर्ज माईंना नेऊन दाखवला.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"मला त्या दिवशी वास आला होता," त्या म्हणाल्या. "खिडकीतून पाहिलं तर तुम्ही फरशी पुसत होतात. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग म्हटलं, विम्याचं तरी काढावं."

मला काय बोलावे सुचेना. त्यांनी अर्ज परत दिला आणि चहा टाकायला सांगितले.

कंपनीने पॉलिसी दिली, पण अटी घालून. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवायच्या, भुसा रोजच्या रोज बाहेर, अग्निशामक नळकांडे दाराशी, आणि करवत चालू असताना लहान मूल आत नको. हप्ता एका बऱ्यापैकी रंध्याच्या किमतीएवढा. वर १८ टक्के कर. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये उठला, परक्याच्या बोटावरचा राहिला.

शेजारचा अर्णव आता पिवळ्या रेघेबाहेर स्टुलावर बसतो आणि "आजोबा, बंद केली का?" असे दर पाच मिनिटांनी विचारतो. माईंच्या देव्हाऱ्याचा एक पाय सुटलाय. तो मी या आठवड्यात बसवून देणार आहे. लाकडाचे पैसे घेणार नाही.