कर्जरोख्यांचा पैसा आणि सोसायटीचे गोदाम



आपल्या जिल्ह्यात सोयाबीन खळ्यावरून थेट अडत्याच्या काट्यावर जाते. घरात ठेवायला जागा नाही, आणि देणेकरी दारात. म्हणून विकास सोसायटीच्या सभेत गोदामाचा विषय निघतो आणि केज-धारूरकडे मला हमखास विचारले जाते, "साहेब, सरकार कर्जरोखे काढतं, मग त्यातून आमचं गोदाम का होत नाही?"

कर्जरोखा म्हणजे सरकारने लिहून दिलेली उसनवारीची चिठ्ठी. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. बँका व विमा कंपन्या ते घेतात. नोव्हेंबर 2021 पासून तुम्हाआम्हालाही रिझर्व्ह बँकेत खाते उघडून ते घेता येतात. पण हा पैसा जातो राज्याच्या तिजोरीत. सोसायटीच्या वाट्याला आला, तर एखाद्या योजनेच्या अनुदानातूनच.

रोख्यांचा पैसा बांधापर्यंत आणणारी संस्था आपल्याकडे होती, ती भूविकास बँक. सरकारच्या हमीवर ती रोखे विकी आणि विहीर, इंजिन, पाइपलाइनीसाठी लांब मुदतीचे कर्ज देई. वसुली थकली, हमीचा बोजा सरकारवर आला, बँक बुडाली. 2022 साली सरकारने सुमारे 35 हजार कर्जदारांची 964 कोटींची थकबाकी माफ केली. माफीचे पेढे वाटले गेले; पुढच्या पिढीच्या विहिरीला कर्ज देणारी बँक गेली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

गोदामासाठी 2020 साली केंद्राने कृषी पायाभूत सुविधा निधी काढला. त्यात 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत, तीही जास्तीत जास्त 7 वर्षे. कर्जवाटपाची मुदत 2025-26 पर्यंत ठरली होती, तेव्हा आधी बँकेत चौकशी करा.

आता हिशेब. समजा, सोसायटीने 20 लाख घेतले आणि सवलतीनंतर व्याज 6 टक्के पडले. 7 वर्षांच्या फेडीत पहिल्या वर्षी मुद्दल व व्याज मिळून सुमारे 4 लाख भरावे लागतील. पोत्यामागे महिना 8 रुपये भाडे धरले, तर 10 हजार पोती पाच महिने राहिली तरच तेवढी रक्कम जमते. राखणदार आणि धुरीचे औषध यांचा खर्च वेगळाच. दुष्काळी वर्षी पोती कुठून येणार? म्हणून दोन-तीन गावांनी मिळून एक गोदाम बांधावे, असे मी म्हणतो. सरपंचांना ते आवडत नाही.

माल ठेवला म्हणजे घरखर्च थांबत नाही. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल, 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का आणि तुमच्या गोदामातला माल ती तारण धरील का, हे सचिवांकडून लेखी घ्या. आणि गोदामाची जागा सोसायटीच्या नावावर आहे का, हे सभेपूर्वीच सातबारा काढून पाहा.