नदीने नेला असं म्हणू नका

माझ्या मित्राच्या जलदानविधीला जो तो एकच बोलत होता, "पट्टीचा पोहणारा, पण नदीने नेला." त्याच्या आईने माझा हात धरून विचारलं, "पोरी, तू दवाखान्यात एवढी वर्षं काढलीस. तूच सांग, माझा पोरगा कशानं गेला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

आम्ही एकाच वस्तीत वाढलो. तो रायगड जिल्ह्यात, कोलाडजवळ कुंडलिका नदीवर कामाला होता. भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर तिथे पर्यटकांच्या रबरी बोटी चालतात. त्यांच्या सोबतीला कयाक असते, म्हणजे एका माणसाची लांबट, वरून बंद नाव. बोटीतून कुणी पडलं तर कयाकवाला त्याला गाठतो. पर्यटकांचा तो खेळ, माझ्या मित्राची ती रोजी. पण त्याचा जीवही त्यात रमला होता. घरी आला की उलटलेली कयाक वल्ह्याच्या एका झटक्यात सरळ कशी करायची, ते खाटेवर लोळून पोरांना दाखवायचा.

त्या दिवशी कयाक उलटली आणि तो बाहेर पडला. पाणी कमरेएवढंच होतं. तो उभा राहायला गेला आणि पाय दगडांच्या फटीत अडकला. मागून पाण्याचा जोर असला की माणूस पुढे कोसळतो, डोकं पाण्याखाली जातं आणि पाय सुटत नाही. तिथे पोहणं कामाला येत नाही. वाहत्या पाण्यात उभं राहू नका, हे तोच नव्या पोरांना शिकवायचा. पण काठ जवळ दिसला की पाय आपोआप टेकले जातात.

सोबत्यांनी त्याला बाहेर काढलं. काठावर कुणी पोट दाबलं, कुणी पालथा घातला, कुणी पाय धरून उलटा केला. श्वास मात्र कुणीच दिला नाही. दिला असता तर तो वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण ती संधी त्याला मिळायला हवी होती. त्या पोरांना मालकाने प्रथमोपचार शिकवले नव्हते. आणि वॉर्डात वर्षानुवर्षं हेच काम केलेली मी, मीही कधी शिकवायला गेले नाही.

बुडालेल्याचं हृदय बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे थांबतं. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. पोट दाबून फुप्फुसातलं पाणी निघत नाही. उलट पोटातलं अन्न श्वासनळीत जातं. म्हणून माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास चालत नसेल, तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा. रुग्णाला उताणा ठेवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि छाती उचलली जाईल असे दोन श्वास तोंडाने द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबा, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मोठ्या माणसाची छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

आपली पोरं पावसाळ्यात धबधब्यावर जातात, धरणावर जातात, अशा बोटींवर कामालाही लागतात. त्यांना सांगा, प्रवाहात सापडलात तर उताणे तरंगा, पाय पुढे आणि वर ठेवा, पाणी संथ होईपर्यंत उभे राहू नका. कामावर ठेवणाऱ्याला विचारा, जॅकेट, हेल्मेट, प्रथमोपचाराचं शिक्षण आणि विमा देणार का? नाही म्हणाला तर चौघांनी मिळून मागा.

नदीने नेला म्हटलं की कुणाला काही विचारायचंच उरत नाही. आता मी दर रविवारी विहारात उशी ठेवून छाती दाबायला शिकवते. एका तासाचं काम आहे. तुमच्या वस्तीत बोलवा, मी येईन.