बाळंतपणानंतर सीआरपी वाढला, म्हणजे जंतुसंसर्ग झालाच का?

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा (२०२५-२९) केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. अँटिबायोटिक्स जपून वापरणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. पण नवजात बाळाच्या बाबतीत हे जपून वापरणे सर्वांत अवघड असते. तिथे अनेकदा रक्तातल्या एका प्रथिनाच्या आकड्यामुळे घरचे सगळे घाबरून जातात. ते प्रथिन म्हणजे सीआरपी.

सीआरपी काय सांगतो?

शरीरात कुठेही दाह झाला, की यकृत हे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते. जंतुसंसर्ग हे त्याचे एक कारण. जखम, शस्त्रक्रिया आणि खुद्द बाळंतपण हीही कारणेच. त्यामुळे दाह आहे एवढेच सीआरपी सांगतो, तो कशामुळे आहे हे सांगत नाही.

आईच्या रक्तात

नॉर्मल प्रसूतीनंतरही आईचा सीआरपी वाढतो. सिझेरियननंतर तो आणखी वाढतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि मग उतरू लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात. म्हणजे संसर्ग नसतानाही वाढलेला रिपोर्ट हाती येणाऱ्या बाळंतिणी कमी नाहीत.

बाळाच्या रक्तात

आईचा सीआरपी वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाही. बाळाच्या रक्तात दिसतो तो त्याने स्वतः तयार केलेला. निरोगी बाळातही जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत तो थोडा वाढतो. प्रसूती लांबली असेल तर अधिक.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. संसर्ग सुरू झाल्यावर सीआरपी वाढायला सहा ते आठ तास लागतात. म्हणून जन्मानंतर लगेच केलेली तपासणी नॉर्मल आली, तरी संसर्ग नाहीच असे म्हणता येत नाही. प्रोकॅल्सिटोनिन ही तपासणीही पहिल्या दोन दिवसांत अशीच फसवू शकते.

मग निर्णय कसा घ्यायचा?

बाळाची तपासणी, आईला ताप होता का, पाणी कधी गेले, बाळ मुदतीआधी जन्मले का, हे सगळे एकत्र पाहून. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, संशय असल्यास आधी ब्लड कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू करावे आणि १८ ते २४ तासांनी सीआरपी पुन्हा पाहावा. ३६ तासांनंतर कल्चर निगेटिव्ह असेल, बाळ ठणठणीत असेल आणि सीआरपीची चढउतार आश्वासक असेल, तर औषध थांबवण्याचा विचार करावा.

गरजेपेक्षा जास्त दिवस दिलेल्या अँटिबायोटिकमुळे बाळाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू माजतात. बाळ एनआयसीयूत राहिले, तर स्तनपानही लांबते.

डॉक्टरांना काय विचाराल?

- बाळाला लक्षणे आहेत, की फक्त आकडा वाढला आहे?
- अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर घेतले का? त्याचा रिपोर्ट कधी येईल?
- सीआरपी पुन्हा कधी तपासणार?
- सगळे ठीक असेल, तर औषध कधी बंद करता येईल?

दोन लॅबचे रिपोर्ट ताडून पाहताना एककही बघा. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच १० मिलिग्रॅम प्रति लिटर.

इथे मात्र थांबू नका

बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, कण्हत असेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, झटके येत असतील, तर लगेच रुग्णालय गाठा. आईला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटात तीव्र वेदना, धाप किंवा गोंधळलेपण असेल, तरीही तेच करा. अशा वेळी सीआरपी नॉर्मल असला तरी उपचार लांबवू नयेत. आणि सुरू असलेले औषध डॉक्टरांना न विचारता स्वतःहून बंद करू नका.