चाकांना वाट, पायांना बंदी

सरळ मुद्द्यालाच हात घालते. आपल्या राज्यातल्या पुष्कळशा अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत तुम्ही पेट्रोल जाळत, धुरळा उडवत, सहा जणांच्या जिप्सीत बसून बिनदिक्कत जाऊ शकता. पण पाठीला सॅक, पायात बूट आणि हातात काठी घेऊन दोन माणसं नाक्यावर उभी राहिली की सगळ्यांना घाम फुटतो. त्यातून ती दोघं नवरा-बायको असली, पन्नाशीच्या आसपासची असली, तर मग विचारूच नका!

हा प्रसंग आमच्या वाट्याला आलेला आहे. कुठल्या नाक्यावर ते लिहीत नाही, कारण नाका बदलला तरी संवाद फारसा बदलत नाही. "गाडी कुठंय?" "बाहेर ठेवलीय." "मग जिप्सी घ्या." "आम्हाला चालायचंय." यावर टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "म्याडमना झेपणार का?" म्याडम गेली पंधरा वर्षं मेहरूणच्या तलावाकाठी रोज पहाटे चालतात आणि साहेबांना उठवावं लागतं, हे सांगायची सोयच नव्हती. प्रश्न मला नव्हताच ना! पुढचा प्रश्न आणखी बहारीचा: "दोघंच? ग्रुप नाही?" तरुण जोडपं असतं तर तिसरा प्रश्नही आला असता, लग्नाच्या पुराव्याचा. आमच्या पांढऱ्या केसांनी तेवढं वाचवलं. असो.

आता हिमाचलचं बघा. कुल्लू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. साडेसातशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं जंगल, आणि आत मोटाररस्ता नाही! परवाना काढायचा, गावातला वाटाड्या घ्यायचा आणि चालायचं. आम्ही दोघं तीर्थन खोऱ्यात गुशैणीहून निघालो, रोल्याला तंबू टाकला, दुसऱ्या दिवशी शिल्टपर्यंत चढलो. बरोबर एक वाटाड्या आणि एक सामान वाहणारा. 'म्याडमना झेपेल का' असं कुणी विचारलं नाही. जुजुराणा काही दिसला नाही (म्हणजे पक्ष्यांचा राजा, हिमाचलचा राज्यपक्षी), पण त्याच्या आशेवर वाटाड्याने आम्हाला तब्बल अर्धा तास गप्प बसवलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतका वेळ एका जागी न बोलता, न भांडता बसल्याचं आठवत नाही.

तिथंही सगळं गोड आहे असं नाही. उद्यान झालं तेव्हा आसपासच्या गावांचे चराईचे, जडीबुटीचे हक्क गेले आणि त्यावरून बराच वाद झाला. पण पाहुणा चालत येतो म्हटल्यावर वाटाड्या लागतो, हमाल लागतो, स्वयंपाकी लागतो. ही सगळी माणसं त्याच गावांतली. जिप्सीच्या पर्यटनात एक ड्रायव्हर, एक गाईड, आणि बाकीचा पैसा रिसॉर्टवाल्याच्या गल्ल्यात.

मुक्कामाची भीती वाटत असेल तर उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सकडे बघा. तिथे आत रात्र काढायला मनाई आहे. घांगरियाला राहायचं, सकाळी चालत जायचं, दिवसाउजेडी परत यायचं. म्हणजे तंबू बंद ठेवूनही पाय चालू ठेवता येतात.

इथे हमखास कुणीतरी म्हणणार, "हिमालयाचं सोडा हो, आपल्याकडे वाघ आहेत." बरं. केरळातल्या पेरियारमध्ये वाघही आहेत आणि हत्तीही. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाने चोरटी शिकार आणि झाडांच्या सालींची तस्करी करणाऱ्यांनाच वाटाडे केलं आणि त्यांच्याबरोबर पाहुण्यांना तंबूच्या मुक्कामासह पायी जंगलात पाठवलं. तेही लांब वाटत असेल तर मध्य प्रदेशात चला. तिथल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं. डोंगररांग तीच, अस्वल तेच, बिबट्या तोच. राज्याची हद्द बदलली की जनावरांचा स्वभाव बदलतो काय?

"पण कायदा..." हे दुसरं पालुपद. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात शिरायला परवाना मागतो, आणि मागायलाच हवा. तो परवाना कशाकशासाठी देता येतो त्याची यादी कलम २८ मध्ये आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन. पर्यटन चार चाकांवरूनच करावं असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. ती आपली सवय आहे, आणि सोयही. गाडी मोजता येते, नंबर लिहिता येतो, तीन तासांत बाहेर काढता येते. चालणाऱ्या माणसासाठी वाट आखावी लागते, वाटाडे शिकवावे लागतात, जबाबदारी घ्यावी लागते. त्यापेक्षा 'नाही' म्हणणं सोपं.

आणि चाकांमुळे जंगल सुरक्षित राहतं म्हणता? ३१ डिसेंबर २०२४ आठवतोय? उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली. फोटोसाठी! त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्या परवान्याच्या होत्या. आत गाईड होते. नियमाप्रमाणे तिकीट काढलेले पाहुणे होते. तिथे दोन माणसं पायी असती तर वाघिणीचा रस्ता अडवायची त्यांची छाती झाली असती का? पायी चालणारा माणूस जंगलात मुळातच नम्र असतो. त्याला दुसरा इलाजच नसतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, तो कचऱ्याचा आणि धिंगाण्याचा. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सुट्टीच्या रात्री त्याच्या कोकणकड्यावर तंबूंची जत्रा भरते. मॅगीची पाकिटं, बाटल्या, पहाटेपर्यंत आरडाओरडा. ही मंडळी चालतच वर आलेली असतात, हे कबूल. पण याचं उत्तर बंदी नाही, मोजदाद आहे. वासोट्याला जाताना बामणोलीत परवानगी काढावी लागते, बोटीने पलीकडे जावं लागतं, जवळचं प्लास्टिक मोजून दाखवावं लागतं आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. कोयना अभयारण्यच आहे ते. म्हणजे महाराष्ट्राच्या वनखात्याला हे जमतं. मग एका अभयारण्यात जमलेलं दुसऱ्यात का जमू नये?

आणि हे सगळं आपल्या खानदेशाला सांगावं लागावं, याचंच मला जास्त वाईट वाटतं. चालणं ही काय आपल्याला नवी गोष्ट आहे? मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. चैत्रात खानदेशातल्या गावागावांतून माणसं सप्तशृंगीला पायी जातात, उन्हाने डांबर वितळत असताना. दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो लोक अंधारात चढतात. देवासाठी चाललेलं सगळ्यांना कळतं. नुसतं डोंगरासाठी चालायचं म्हटलं की माझ्या सासूबाईंसारखं विचारतात, "जंगलमा काय ठेयेल शे?"

तर काय ठेवलंय ते सांगते. तापी ओलांडून यावल-रावेरकडे निघालं, की केळीच्या बागांच्या मागे निळी रांग उभी राहते. मेहरूणहून दीड-दोन तासांवर पाल. भोवती यावल अभयारण्य, १९६९ सालचं, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर. सुकी नदी तिथलीच. पावरा आणि तडवी भिल्ल मंडळींचा हा मुलूख. दुसऱ्या टोकाला चाळीसगावजवळ पाटणादेवी, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख तिथला. तिथून डोंगरातून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायवाट जाते. हे सगळं आपल्या उंबऱ्याशी आहे. आणि आपण सुट्टी लागली की मनालीचं पॅकेज घेऊन बर्फात फोटो काढायला पळतो!

यावलच्या जंगलात अतिक्रमणं झाली, झाडं तुटली, याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येतात. जळगावात त्यासाठी किती जणांची झोप उडाली? फार नाही, आणि का उडावी? जे जंगल आपण पायांनी पाहिलेलं नाही, ते कमी झालेलं कळणार कसं? तलावाच्या काठचं एक झाड कुणी तोडलं तर सकाळच्या फिरणाऱ्यांत दिवसभर चर्चा होते, कारण ते रोजच्या वाटेवरचं असतं. सातपुडा आपल्या वाटेवरच नाही. जिप्सीतून उतरलेल्या माणसाला घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं, की सगळं जंगल फुकट गेलं.

मारुती चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. वनखात्यातले अधिकारी. नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथे नोकरी केलेली. श्रद्धांजली म्हणून त्यांच्या पक्ष्यांच्या आणि झाडांच्या नावांचं आपण केवढं कौतुक केलं! पण ती नावं त्यांना मिळाली कशी? पायी हिंडून, आदिवासींबरोबर बसून, त्यांना विचारून. आजच्या एखाद्या पोराला तसं हिंडायचं असेल तर त्याला आपण काय सांगतो? ऑनलाईन सफारी बुक कर, सकाळी सहाचा स्लॉट मिळेल.

मला सगळं जंगल उघडं करून नकोय. वाघांच्या गाभ्याला हात लावू नका. पण पाल-यावलला, पाटणादेवीला आखलेली पायवाट असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने, कारण आपला उन्हाळा ना माणसाला झेपतो ना पाणवठ्याला. दिवसाला दहा-बारा माणसं, त्याहून नाही. वाटाड्या सक्तीचा, आणि तो तिथल्याच पाड्यावरचा. मुक्काम ठरलेल्या जागी, शेकोटी नाही, स्पीकर नाही, आत नेलेलं प्लास्टिक मोजून बाहेर. अनामत रक्कम घ्या, चुकलं तर जप्त करा. सही करून घ्या की जोखीम आमची. आम्ही करू. आणि 'किमान अमुक माणसांचा ग्रुप' ही अट कृपा करून ठेवू नका. वीस जणांचा ग्रुप एकमेकांचंच ऐकतो. दोन माणसांना जंगल ऐकू येतं.

वनखात्याने जळगावात लांडोरखोरीला वनोद्यान केलं, लोक तिथे आनंदाने चालतात. चांगलंच केलं. पण कुंपणातलं वन दाखवून खऱ्या वनाची भूक भागवता येत नाही, उलट वाढते. ती वाढलेली भूक घेऊन माणसं कुठे जाणार आहेत, याचा विचार खात्याने करावा. आणि आपणही नुसते कुरकुरत बसू नये. येत्या हिवाळ्याआधी आम्ही दोघं लेखी अर्ज करणार आहोत, कलमाचा आकडा घालून. तुम्हीही करा. शंभर अर्ज टेबलावर आले, तर 'असं कुणी मागतच नाही' हे उत्तर तरी बंद होईल.

आणि हो, अर्जावर पहिलं नाव माझं असेल.