संख्याबळ नाही म्हणून हेतू खोटा?

अटकेतल्या मंत्र्यांचे पद काढून घेणाऱ्या १३० व्या घटनादुरुस्ती विधेयकावरची बहुतेक चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते. घटनादुरुस्तीला लागणारी दोन तृतीयांश मते सरकारकडे नाहीत. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये हे विधेयक मांडले ते मंजुरीसाठी नव्हे, विरोधकांना भ्रष्टांचे पाठीराखे ठरवण्यासाठी. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. शंका रास्त आहे. पण पुरावा म्हणून संख्याबळाकडे बोट दाखवणाऱ्यांना आपल्याच संसदेचा इतिहास साथ देत नाही.

संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक सप्टेंबर १९७० मध्ये लोकसभा ओलांडून राज्यसभेत आले. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ मतांचे दोन तृतीयांश काढले तर १४९ वर आणखी एक तृतीयांश मत लागते! अपूर्णांकातले मत कोणी देऊ शकत नाही, विधेयक पडले. इंदिरा गांधींना लोकानुनय साधायचा होता, हा तेव्हाचा आरोप अगदीच हवेतला नव्हता. पण त्यांनी विषय सोडला नाही. राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून पाहिली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मग मुदतपूर्व निवडणूक, आणि १९७१ च्या अखेरीस २६ व्या दुरुस्तीने तनखे गेलेच.

राजीव गांधींचे पंचायत राज विधेयकही ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत पडले. निवडणूक तोंडावर होती, आणि राज्यांना वळसा घालून दिल्ली थेट गावात शिरू पाहते, असे विरोधक म्हणत होते. तोच गाभा राज्यांना बरीच मोकळीक देऊन नरसिंह राव यांच्या काळात, १९९२ मध्ये, ७३ व्या दुरुस्तीत आला आणि मंजूर झाला. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत आज महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, या दुरुस्तीने त्यासाठी किमान एक तृतीयांश आरक्षण बंधनकारक केले होते.

याउलट २०२३ चे महिला आरक्षण. लोकसभेत ४५४ विरुद्ध २! मतांची ददात नव्हती, पण मसुद्यातच मेख होती : आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, त्यानंतर आरक्षण. २०२४ ची लोकसभा निवडणूक त्याविनाच पार पडली. हेतू ओळखायचा असता तर मतांच्या बेरजेपेक्षा त्या एका अटीत सापडला असता.

१३० व्या विधेयकालाही हीच कसोटी लावावी. पाच वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपावरून सलग ३० दिवस कोठडी झाली की ३१ व्या दिवशी मंत्रिपद जाणार. दोषी ठरणे दूरच, आरोपपत्रसुद्धा लागत नाही. कक्षेत पंतप्रधानही आहेत, हे कौतुकाने सांगितले जाते. पण सीबीआय आणि ईडी कोणाच्या हाताखाली चालतात?

तेव्हा अग्रलेखात बहुमताचा हिशेब पुन्हा मांडण्याऐवजी या विधेयकाची कलमे मराठीत जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, कराड