गुलाबपाण्याकडे काय मागायचं?

परवा सकाळी सहा-साडेसहालाच शेजारच्या वहिनी दारात उभ्या. हातात स्टीलचा डबा. "अहो, तुमच्या अंगणातले चार गावठी गुलाब द्या ना. पोरीसाठी गुलाबपाणी करायचंय. रविवारी मंडळी बघायला येताहेत. रोज लावलं तर रंग थोडा तरी उजळेल."

पोरगी मागेच उभी होती. बी.एस्सी. झालेली, तालुक्याच्या शाळेत शिकवणारी, चुणचुणीत मुलगी. आई बोलत होती आणि ती माझ्या तुळशीकडे बघत होती. गुलाब मी दिले. नाही कसं म्हणणार? पण त्या डब्याबरोबर चार शब्दही द्यायला हवे होते, ते राहून गेले. म्हणून आज इथे लिहितेय.

आधीच सांगते, गुलाबपाण्याशी माझं काही वाकडं नाही. उलट ते माझ्या फार आवडीचं. लहानपणी आमच्याकडे एक जुनी गुलाबदाणी होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती फडताळातून बाहेर निघायची. आलेल्या बायकांच्या हाताला अत्तराचं बोट, अंगावर गुलाबपाण्याचे दोन शिंतोडे आणि मग वाण. स्वयंपाकघरातून थेट उठून आलेल्या, दमलेल्या बायका तो गार शिंतोडा पडला की खुदकन हसायच्या. गुलाबपाणी कशासाठी असतं, ते मला तेव्हाच कळलं असं आता वाटतं. फक्त एका गोष्टीचं कोडं तेव्हा सुटलं नव्हतं. ती गुलाबदाणी सगळ्यांवरून फिरायची, पण आत तिळाचे लाडू वळत बसलेल्या माझ्या आत्यापर्यंत कधी पोचायची नाही. आत्या विधवा होती.

गुलाबपाण्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. आपण ऐकलेलं असतं की गुलाबाचं अत्तर नूरजहानने शोधलं. पण खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं श्रेय दिलंय ते नूरजहानच्या आईला, असमत बेगमला. गुलाबपाणी करताना गरम पाणी भांड्यात ओतलं की वर तेलाचा पातळ तवंग येतो, हे तिने पाहिलं आणि तो तवंग थोडा थोडा करून गोळा केला. तेच गुलाबाचं अत्तर. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही तांब्याच्या देगमध्ये फुलं उकळून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवून अर्क काढतात. पद्धत तीच. आपल्या चुलीवर ती जरा छोटी करायची, एवढंच.

तर आता कृती. बऱ्याच जणी पाकळ्या पाण्यात उकळतात, गाळतात आणि बाटलीत भरतात. छान गुलाबी पाणी मिळतं, पण ते गुलाबपाणी नव्हे, पाकळ्यांचा काढा झाला. दोन दिवसांत त्याला आंबूस वास येतो. खरं गुलाबपाणी वाफेचं असतं आणि ते अगदी पाण्यासारखं रंगहीन दिसतं.

फुलं गावठी घ्यावीत, गुलकंदाला वापरतो ती, भरपूर पाकळ्यांची आणि वासाची. सकाळी ऊन चढायच्या आत तोडावीत, कारण उन्हाबरोबर वासही उडून जातो. बुके आणि हारांतले लांब दांड्याचे गुलाब मात्र यासाठी नकोत. त्यांना वास जेमतेम असतो आणि त्यांच्यावर औषधांची फवारणी झालेली असते. देवाच्या हारातले गुलाबही याच कारणासाठी वापरू नयेत.

तीन-चार ओंजळी पाकळ्या दोन पाण्यांतून अलगद धुवाव्यात. मोठ्या स्टीलच्या पातेल्याच्या मधोमध एक स्टीलची वाटी उलटी ठेवावी. तिच्यावर दुसरी स्वच्छ वाटी सुलटी ठेवावी. भोवती पाकळ्या पसराव्यात आणि त्या बुडतील इतकंच पाणी घालावं, साधारण पाऊण लिटर. पाणी वरच्या वाटीत शिरता कामा नये. पातेल्यावर झाकण उलटं ठेवावं, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येईल. झाकणावर बर्फ घालावा, बर्फ नसेल तर गार पाणी घालून ते बदलत राहावं. गॅस बारीक. वाफ गार झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते मुठीवरून वाटीत टपटप पडतात. अर्ध्या-पाऊण तासात कपभर गुलाबपाणी जमतं. तेवढ्यावर थांबावं. जास्तीच्या हावरेपणाने पातेलं कोरडं पडलं तर करपट वास सगळ्यात उतरतो.

गार झालं की उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरावं, बाटलीवर तारीख लिहावी आणि फ्रिजमध्ये ठेवावं. आठ दिवसांत संपवावं. फ्रिज नसेल तर थोडंच करावं आणि त्याच दिवशी वापरावं. पाणी गढूळ दिसलं, तंतू तरंगताना दिसले, वास बदलला, की जीव न अडकवता झाडाला घालावं. यात टिकवायचं औषध काही नसतं, त्यामुळे जंतूंना ते घर आपल्याइतकंच आवडतं!

हे जंतूंचं एवढं मी का सांगतेय? कारण मी स्वतः ठेच खाल्लीय. कॉलेजात असताना रात्री जागून अभ्यास केला की डोळे चुरचुरायचे. कुणीतरी सांगितलं, गुलाबपाणी घाल. घरचंच होतं, महिनाभरापूर्वीचं. घातलं. दुसऱ्या दिवशी डोळे लालबुंद, पापण्या चिकटलेल्या. डॉक्टरांनी आधी औषध दिलं आणि मग कान उपटले. "घरी केलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे," ते म्हणाले. ते वाक्य मी विसरले नाही. आपल्याकडे 'घरगुती' म्हटलं की 'निर्धोक' असं आपण धरूनच चालतो. पण डोळ्यांत घरचं गुलाबपाणी कधीही घालू नये, बाजारातलं सौंदर्यप्रसाधनाचंही नाही. चष्म्याऐवजी लेन्स वापरणाऱ्या मुलींनी तर ते लेन्सच्या जवळही नेऊ नये. डोळे शिणले असतील तर डोळे मिटून वर गार पाण्याच्या घड्या ठेवा, तेवढ्यानेही आराम पडतो.

चेहऱ्यावर मात्र खुशाल लावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक-दोन दिवस थांबा, कारण सुगंधी वस्तू काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. खाज आली, पुरळ उठलं, तर आपल्यासाठी नाही म्हणायचं. आणि एक लक्षात घ्या, गुलाबपाणी म्हणजे नव्वद-नव्व्याण्णव टक्के पाणीच. ते उडून जाताना गारवा देतं, पण त्वचेला ओलावा धरून ठेवायला मदत करत नाही. म्हणून चेहरा ओलसर असतानाच वरून खोबरेल तेलाचा थेंब किंवा आपलं नेहमीचं क्रीम लावावं. त्यात लिंबू पिळायची पद्धत तर मुळीच नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग पडतात. उजळायला गेलो आणि डागाळून बसलो, असं व्हायचं.

आता मुद्द्याचं. रंग. गुलाबपाण्याने माणूस गोरा होत नाही. आठ दिवसांत नाही आणि आठ वर्षांतही नाही. आपला रंग ठरतो त्वचेतल्या मेलॅनिन नावाच्या द्रव्यावर आणि ते किती तयार व्हायचं हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेलं असतं. तेच मेलॅनिन आपल्याला उन्हापासून सांभाळतं. म्हणजे ज्याला आपण उणेपणा म्हणतो, ते खरं तर पांघरूण आहे.

जाहिरातींनी वर्षानुवर्षं आपल्याला उलटंच शिकवलं. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. डब्यावरचा शब्द गेला, पण आपल्या ओट्यावरचा गेला का? 'मुलगी काळी आहे पण नाकीडोळी नीटस' यातला 'पण' अजून तसाच आहे. आणि या 'पण'ची किंमत कधी कधी फार मोठी पडते. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात डॉक्टरांना किडनीचा एक विशिष्ट आजार झालेले रुग्ण सापडले. विचारपूस केल्यावर कळलं, त्यांतले अनेक जण गोरं करणारी क्रीम लावत होते. अशा स्वस्त, बिननावाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो आणि तो त्वचेतून थेट शरीरात जातो. रंग उजळला म्हणून खूश झालेल्या पोरीच्या पायांवर सूज येते आणि घरच्यांना कळतच नाही, हे कशाने झालं.

तुम्ही म्हणाल, अहो, विषारी क्रीम कुठे आणि बिचारं गुलाबपाणी कुठे! बरोबर आहे. गुलाबपाण्याने किडनी जात नाही. पण वाट तीच आहे, हे विसरू नका. आई आज 'रंग उजळेल' म्हणून गुलाबपाणी लावते. आठ दिवसांनी उजळत नाही. मग बेसन, मग लिंबू, मग पार्लरवालीने सुचवलेली डबी. पोरीच्या हातात शेवटी उरतं काय? तर 'मी जशी आहे तशी चालत नाही' हे एकच वाक्य, आणि तेही आईच्या हातून मिळालेलं. आईचा हेतू वाईट नसतो, मला ठाऊक आहे. स्थळ मोडायची भीती तिला झोपू देत नाही. पण त्या भीतीचा लेप मुलीच्या चेहऱ्यावर कशाला?

म्हणून म्हणते, गुलाबपाणी जरूर करा, पण त्याच्याकडे जे आहे तेच मागा. दुपारी भांडी आवरली की पाच मिनिटं पंख्याखाली बसा, चेहऱ्यावर गार हबका मारा, डोळे मिटा, वास घ्या. त्या पाच मिनिटांत कुणाला हाक मारू देऊ नका. घरातल्या सगळ्यांसाठी आपण सगळं करतो, हे एवढं स्वतःसाठी. आणि येत्या संक्रांतीला गुलाबदाणी काढाल तेव्हा ती आत स्वयंपाकघरापर्यंत न्या. कुणाच्या कपाळावर कुंकू आहे आणि कुणाच्या नाही, हे गुलाबाला कुठे कळतं? २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याला तर ठरावही नको, नुसता हात थोडा लांब करायचाय. माझ्या आत्यासाठी ते आता करता येत नाही, याची रुखरुख मला आहे.

काल संध्याकाळी शेजारची ती पोरगी डबा परत द्यायला आली. "काकू, पाणी मस्त झालंय. शाळेतून आल्यावर तोंडावर मारलं की एकदम बरं वाटतं," म्हणाली. मग जरा थांबून हळूच, "रंग मात्र आहे तसाच आहे हं."

"अगं, रंगाला काय झालंय तुझ्या?" मी म्हटलं. परवा राहून गेलेलं, काल तरी बोलले.