ड्युटी आणि बारबेल

परवा माझी पुतणी कोरेगावला आली. एम.डी.चे दुसरे वर्ष. स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षातच झोपली. बारावीत ही मुलगी ६० किलोची बारबेल जमिनीवरून उचलायची, आणि आम्ही मोठी माणसे ‘पुरे गं बाई’ म्हणायचो. आता जिना चढताना कठडा धरते. ‘‘काका, ३६ तासांच्या ड्युटीनंतर जिमला कोण जाणार?’’ तिने विचारले.

दोष तिचा नाही. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपलीकडे जाऊ नये, आठवड्याला एक सुट्टी असावी, असे केंद्राच्या १९९२ सालच्या योजनेत लिहिलेले आहे. परिपत्रक आणि प्रत्यक्ष काम यांतले अंतर मी बँकेत उभी हयात पाहिले. अमेरिकेत २००३ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. तिलाही आराम म्हणवत नाही. झोप हिरावणाऱ्या वेळापत्रकावर व्यायाम हा इलाज नव्हे, हे आधी कबूल करतो.

पण एक गोष्ट या मुलांना कुणी सांगत नाही. ताकद कमवायला जेवढे कष्ट लागतात, त्याच्या कितीतरी कमी कष्टांत ती टिकते. तरुण माणसाने आठवड्यातून एकदा, प्रत्येक व्यायामाचा एखादाच सेट केला, तरी कमावलेली ताकद महिनोन्महिने राहते. अट एकच : वजन उतरवायचे नाही, खेपा कमी करायच्या. आमची मुले नेमके उलटे करतात. चार दिवस जमत नाही म्हणून एकही दिवस जात नाहीत. बँकेत दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते; एखादी नोंद पडली तरी ते चालू राहते, तसेच हे.

रहिमतपूरवरून पुढे औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३८ साली त्यांचे त्यावरचे पुस्तक लंडनहून इंग्रजीत निघाले. होस्टेलच्या दोन खाटांमधली जागाही नमस्कारांना पुरते. मात्र जमिनीवरून जड उचलण्याचे काम त्यात होत नाही, आणि बेशुद्ध रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना कंबर तेच मागते. म्हणून आठवड्याची ती एक खेप हवीच. रात्रपाळीवरून उतरल्यावर नव्हे. झोप झालेल्या दिवशी, अर्धा तास.

तिला पटले. ‘‘पण झोप झालेला दिवस?’’ म्हणाली. तो ड्युटीच्या तक्त्यात बसवणे तिच्या हाती नाही, तिच्या विभागप्रमुखांच्या हाती आहे.